पीआरआय ट्रेस हाताने वाचताना: क्यू.९३१ चा एकेक बाइट

कॉल मधेच तुटतात अशी ओरड सुरू झाली की ऑफिसचा आयटीवाला दोन फोन करतो. ईपीएबीएक्सवाला, म्हणजे ऑफिसच्या फोन एक्स्चेंजचा माणूस, म्हणतो लाइनचा प्रॉब्लेम आहे. लाइनवाला म्हणतो आमच्याकडून ओके दिसतंय, तुमचं मशीन बघून घ्या. दोघांपैकी कुणीच डी चॅनेल, म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याचे निरोप वाहणारा मार्ग, उघडून पाहिलेला नसतो. कॉल कुणी, कधी आणि कोणत्या कारणाने सोडला हे तिथे बाइटमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचता आलं की हा वाद बहुतेक वेळा पाच मिनिटांत मिटतो.

डीबग चालू केल्यावर बहुतेक मशीन बाइटांसोबत इंग्रजी अर्थही छापतात, मग हाताने वाचायचं कशाला? कारण 'नॉर्मल कॉल क्लिअरिंग' एवढंच वाचून कुणालाच काही कळत नाही. ते कुणी म्हटलं, नेटवर्कच्या कोणत्या टोकावरून म्हटलं आणि कशाच्या उत्तरादाखल म्हटलं, या तीन गोष्टी हव्या असतात. छापील अर्थात त्या हरवतात, बाइटमध्ये असतात.

हा लेख भारतात वापरल्या जाणाऱ्या पीआरआयबद्दल, म्हणजे एकाच लिंकवरून अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल आयएसडीएन लाइनबद्दल आहे: २.०४८ एमबीपीएसची ई१ लिंक, ३२ टाइमस्लॉट, स्लॉट ० सिंकसाठी, स्लॉट १६ सिग्नलिंगसाठी (हाच डी चॅनेल) आणि उरलेले ३० आवाजासाठी (हे बी चॅनेल). सिग्नलिंगची भाषा क्यू.९३१, तिला वाहून नेणारा थर क्यू.९२१ म्हणजे लॅपडी. हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले, बाइट मी दोन-दोन अंकांत लिहिले आहेत, अक्षरी अंक ए ते एफ.

ट्रेस कसा घ्यायचा

ॲस्टरिस्क या फोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर कन्सोलला 'पीआरआय सेट डीबग ऑन स्पॅन १' दिलं की क्यू.९३१ दिसू लागतं. 'ऑन'च्या जागी 'इंटेन्स' लिहिलं तर खालचा लॅपडीचा थरही दिसतो, आणि 'हेक्स' लिहिलं तर कच्चे बाइट मिळतात. आपण पाठवलेल्या ओळीपुढे उजवीकडे तोंड केलेला बाण असतो, आलेल्या ओळीपुढे डावीकडे. सिस्कोच्या राउटरवर 'डीबग आयएसडीएन क्यू९३१' आणि 'डीबग आयएसडीएन क्यू९२१'. तिथे टीएक्स आणि आरएक्स असं स्पष्ट लिहून येतं. बंद डब्यासारख्या ईपीएबीएक्समध्ये मेंटेनन्स पोर्टवरून असाच काहीतरी ट्रेस निघतो, तो कसा काढायचा हे व्हेंडरलाच विचारावं लागतं.

वेळेचा शिक्का मिलिसेकंदांसह हवाच. सिस्कोत 'सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स डीबग डेटटाइम एमसेक' असं आधी लिहून ठेवा. शिक्क्याशिवायचा ट्रेस अर्धाच उपयोगाचा, कारण निम्मे बिघाड मेसेजमध्ये नसतात, दोन मेसेजच्या मधल्या शांततेत असतात.

आधी लॅपडी उभा आहे का?

एकही कॉल लागत नसेल तर क्यू.९३१ वाचत बसू नका. पीआरआयवर लॅपडी फ्रेमची सुरुवात ०० ०१ किंवा ०२ ०१ अशी होते. दुसरा बाइट टीईआय, म्हणजे टोकाच्या उपकरणाचा क्रमांक, शून्य आहे एवढंच सांगतो. पहिल्यात एक बिट 'आज्ञा की उत्तर' दाखवतो, आणि तो दोन टोकांना उलटा वापरतात: आपली, म्हणजे युजर बाजूची, आज्ञा ०० ने सुरू होते, नेटवर्कची आज्ञा ०२ ने. उत्तर देणारा समोरच्याचाच पत्ता परत लिहितो.

लिंक उभी करताना आपण पाठवतो ०० ०१ ७एफ, हा एसएबीएमई, म्हणजे 'लिंक उभी कर'. नेटवर्क उत्तर देतं ०० ०१ ७३, हा यूए, म्हणजे 'मान्य'. झालं, लिंक उभी. त्यानंतर शांतता असेल तर दर १० सेकंदांनी आरआर ('मी तयार आहे') फ्रेमची देवाणघेवाण दिसते, ०० ०१ ०१ अशी सुरुवात असलेली. ती दिसत असेल तर खालचा थर निरोगी आहे, वर चला.

दिसत नसेल तर काय दिसतंय त्यावरून निदान होतं. आपण ०० ०१ ७एफ पाठवतोय आणि समोरून काहीच नाही: तिकडे डी चॅनेल चालूच केलेला नाही, किंवा आपलं पाठवणं तिथवर पोहोचत नाही, किंवा त्यांचं उत्तर आपल्यापर्यंत येत नाही. समोरून १एफ किंवा ०एफ येतोय, म्हणजे डीएम: समोरचं टोक जिवंत आहे, पण लिंक उभी करायला नकार देतंय. आणि समोरूनही ०० ०१ ७एफ च येतोय, ०२ नव्हे: मग दोन्ही टोकं स्वतःला युजर समजताहेत. ॲस्टरिस्कची पीआरआय लायब्ररी लिबपीआरआय अशा वेळी आम्हीही सीपीई (ग्राहकाकडचं उपकरण) आणि तेही सीपीई, अशी तक्रार छापतं.

पण थांबा, याचं दुसरंही कारण असतं. लिंक टेस्ट करताना कुणीतरी टाकलेला लूप काढायचा राहिला असेल तरी आपलीच फ्रेम आपल्याकडे परत येते. फरक वेळेत दिसतो. लूप असेल तर प्रत्येक फ्रेमचं प्रतिबिंब लगेच मागोमाग येतं. दोन युजर असतील तर समोरचा स्वतःच्या लयीत, स्वतःच्या घड्याळाने बोलतो.

लिंक उभी राहते, तासाभरात पडते, पुन्हा उभी राहते, आणि लॉगमध्ये 'एचडीएलसी ॲबॉर्ट' किंवा 'बॅड एफसीएस' सारखे एरर येत राहतात, असं असेल तर जवळजवळ नेहमी क्लॉकचा घोळ असतो. क्लॉक नेटवर्कचा घ्यायचा, आपला चालवायचा नाही. डाहडीच्या, म्हणजे ॲस्टरिस्कच्या कार्ड ड्रायव्हरच्या, फाइलमध्ये 'स्पॅन=१,१,०,सीसीएस,एचडीबी३,सीआरसी४' यातला दुसरा आकडा त्यासाठी आहे: १ म्हणजे या लिंकवरून क्लॉक घे, ० म्हणजे घेऊ नको. सीआरसी४ ही चुका तपासायची सोय दोन्ही टोकांना सारखी आहे का, हेही तिथेच बघून घ्या.

मेसेजचं डोकं: पहिले पाच बाइट

आता एक खरा सेटअप, म्हणजे कॉल सुरू करणारा मेसेज, घेऊ. एक्स्टेन्शन २०४१ वरच्या माणसाने १९८ फिरवला, लँडलाइनच्या बिघाडाची तक्रार नोंदवायचा जुना ओळखीचा नंबर. आपण नेटवर्कला पाठवलं ते असं:

०८ ०२ ०० १७ ०५ ए१ ०४ ०३ ८० ९० ए३ १८ ०३ ए९ ८३ ८७ ६सी ०६ ०१ ८० ३२ ३० ३४ ३१ ७० ०४ ८१ ३१ ३९ ३८

पहिला ०८ म्हणजे हा क्यू.९३१ मेसेज आहे. दुसरं काही दिसलं तर तुम्ही चुकीच्या जागेपासून मोजताय. बहुधा लॅपडीचे चार बाइट सोडायचे राहिले. नंतरचा ०२ सांगतो की कॉल रेफरन्स, म्हणजे या कॉलचा ओळख क्रमांक, दोन बाइटांचा आहे. पीआरआयवर तो दोनच असतो, घरगुती बीआरआयवर एक.

कॉल रेफरन्स ०० १७, दशमानात २३. इथे बहुतेक नवखे फसतात. या दोन बाइटांतला सगळ्यात वरचा बिट नंबराचा भाग नाही, तो झेंडा आहे. झेंडा ० असेल तर मेसेज पाठवणाऱ्यानेच हा रेफरन्स जन्माला घातला. झेंडा १ असेल तर मेसेज ज्याच्याकडे चाललाय त्याने. म्हणून आपल्या या कॉलचं नेटवर्ककडून येणारं प्रत्येक उत्तर ८० १७ असं येईल.

आणि त्याच क्षणी नेटवर्कनेही आपल्याला एक कॉल दिला असेल आणि त्यालाही २३ हाच नंबर दिला असेल, तर ते अगदी कायदेशीर आहे. तो कॉल वेगळा. त्याचे येणारे मेसेज ०० १७ आणि आपली उत्तरं ८० १७. गर्दीच्या लिंकवर हे रोज घडतं. लॉगमध्ये नुसता '१७' शोधला की दोन कॉल एकमेकांत मिसळतात, आणि मग अलर्टिंगच्या आधी कनेक्ट कसा आला, असे भुताटकीचे प्रश्न पडतात. शोधताना दिशा आणि झेंडा एकत्र धरा: जाणारा ०० व येणारा ८० हा एक कॉल, जाणारा ८० व येणारा ०० हा दुसरा. लिबपीआरआय यालाच 'सेंट फ्रॉम ओरिजिनेटर' आणि 'सेंट टू ओरिजिनेटर' असं छापतं.

पाचवा बाइट मेसेजचा प्रकार. फार पाठ करावे लागत नाहीत: ०५ सेटअप, ०डी सेटअप ॲक, ०२ कॉल प्रोसीडिंग, ०१ अलर्टिंग, ०३ प्रोग्रेस, ०७ कनेक्ट, ०एफ कनेक्ट ॲक, ४५ डिस्कनेक्ट, ४डी रिलीज, ५ए रिलीज कम्प्लीट, ७बी इन्फॉर्मेशन, ७डी स्टेटस. ४६ आणि ४ई हे रिस्टार्ट आणि त्याची पोच. त्यांचा कॉल रेफरन्स नेहमी शून्य असतो, कारण ते कुठल्या एका कॉलबद्दल नसतात.

पुढचे घटक: नाव, लांबी, मजकूर

डोकं संपलं की एकामागून एक घटक येतात. नियम एकच. घटकाच्या पहिल्या बाइटचा वरचा बिट १ असेल, म्हणजे ८० किंवा त्याहून मोठा असेल, तर तो एका बाइटात संपतो. नसेल तर पुढचा बाइट लांबी सांगतो आणि तेवढे बाइट मोजून घ्यायचे. लांबी चुकवली तर शर्टाचं पहिलं बटण चुकल्यासारखं, खालचं सगळंच सरकतं. म्हणून पेन्सिलीने घटकांच्या सीमा आधी आखा, अर्थ नंतर लावा. आपल्या सेटअपच्या सीमा अशा पडतात:

ए१
०४ ०३ / ८० ९० ए३
१८ ०३ / ए९ ८३ ८७
६सी ०६ / ०१ ८० ३२ ३० ३४ ३१
७० ०४ / ८१ ३१ ३९ ३८

ए१ म्हणजे सेंडिंग कम्प्लीट: नंबर पूर्ण दिलाय, आणखी आकड्यांची वाट बघू नकोस. तो नसला आणि समोरचं एक्स्चेंज ओव्हरलॅपवर, म्हणजे एकेक आकडा घेण्याच्या पद्धतीवर, असेल, तर प्रत्येक कॉल लागण्याआधी काही सेकंदांची शांतता ऐकू येते. 'कॉल लागतात पण उशिरा' या तक्रारीत हा बाइट आधी बघावा.

०४ ही बेअरर कॅपेबिलिटी, म्हणजे कॉल कोणत्या प्रकारचा आहे ते. ८० म्हणजे बोलणं, ९० म्हणजे ६४ केबीपीएस सर्किट, ए३ म्हणजे ए-लॉ, आवाज बाइटांत बदलायची एक पद्धत. अमेरिकी डिफॉल्टवर राहिलेली मशीन इथे ए२ म्हणजे म्यू-लॉ पाठवतात. आपल्याकडे ए३ हवा. पहिला बाइट ९० असेल तर ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ, फॅक्स आणि मोडेमसाठी नेहमीचा. ८८ असेल तर तो शुद्ध डेटा कॉल, आणि आवाजाच्या फोनने तो कारण ८८ देऊन नाकारला तर बिघाड कुठेच नाही. (हेक्स ८८ आणि कारण ८८ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. निव्वळ योगायोग.)

१८ हा चॅनेल. याच्यापाशी जरा रेंगाळायला हवं. ए९ फोडला तर १०१० १००१. डावीकडून तिसरा बिट १ म्हणजे पीआरआय. पाचवा बिट १ म्हणजे 'हाच चॅनेल हवा, दुसरा चालणार नाही'. तो बिट ० असता तर बाइट ए१ झाला असता, म्हणजे 'हा मिळाला तर बरं, नाहीतर तुम्ही सुचवा'. ८३ म्हणजे पुढे बी चॅनेलचा नंबर आहे. ८७ मधला वरचा बिट काढला की उरतो ७.

ई१ वर हा नंबर म्हणजे टाइमस्लॉट. १५ नंतर १७ येतो, म्हणजे हेक्समध्ये ८एफ नंतर ९१. काही मशीन मात्र चॅनेल १ ते ३० सलग मोजतात आणि सोळावा चॅनेल ९० असा पाठवतात. दोन टोकांची मोजणी जुळली नाही की लक्षण मोठं फसवं असतं: सकाळी सगळं छान चालतं, दुपारी गर्दी वाढली की काही कॉलवर आवाज नसतो किंवा भलत्याचंच बोलणं ऐकू येतं. सिग्नलिंग मात्र प्रत्येक कॉलला कनेक्टपर्यंत नीट जातं, त्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही. पहिले १५ चॅनेल भरेपर्यंत आवाज ठीक आणि त्यापुढे बिघाड, असा आकार दिसला तर या एका बाइटपाशी थांबा.

६सी हा कॉल करणाऱ्याचा नंबर. ०१ चा वरचा बिट ० आहे, म्हणजे याच शेपटाला आणखी एक बाइट आहे, तो ८०. ०१ सांगतो: नंबराचा प्रकार अज्ञात, योजना आयएसडीएन. ८० सांगतो: नंबर दाखवायला हरकत नाही, पण तो युजरने दिलेला आहे, तपासलेला नाही. ८३ असता तर नेटवर्कने स्वतः दिलेला. ए० किंवा ए३ असता तर लपवायचा. नंतरचे आकडे ॲस्की या अक्षरांच्या कोडमध्ये आहेत, म्हणजे पुढचा ३ झाकला की उरतं २ ० ४ १.

इथेच एक नेहमीची तक्रार सापडते. मशीन एक्स्टेन्शन नंबरच बाहेर पाठवतंय, नेटवर्कला तो ओळखीचा नाही, मग ते त्याच्या जागी पायलट नंबर, म्हणजे लाइनचा मुख्य नंबर, लावतं. 'डीआयडी (प्रत्येक एक्स्टेन्शनचे थेट नंबर) घेतले तरी समोर बोर्डाचाच नंबर दिसतो' याचं उत्तर बहुधा या घटकात असतं.

७० हा लावलेला नंबर. ८१ म्हणजे प्रकार अज्ञात, योजना आयएसडीएन; आकडे जसे फिरवले तसे. ए१ असता तर राष्ट्रीय नंबर, ९१ असता तर आंतरराष्ट्रीय, सी१ असता तर स्थानिक. मग ३१ ३९ ३८: एक नऊ आठ.

१५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं बंधनकारक आहे, आणि पीआरआय ही लँडलाइनच. जुन्या डायल प्लॅनवर राहिलेली मशीन अजून सापडतात. तिथे नंबर वाचायचीही गरज नाही, लांबी पुरते: दहा आकडी मोबाइल नुसता पाठवला तर ७० ०बी, शून्यासह पाठवला तर ७० ०सी. मात्र प्रकार ए१ म्हणजे राष्ट्रीय लावून शिवाय शून्यही पाठवला तर गडबड होऊ शकते, कारण राष्ट्रीय प्रकारात ट्रंकचा शून्य धरलेलाच असतो. शून्य पाठवायचा असेल तर ८१. ऑपरेटरला कोणती जोडी हवी हे एकदा विचारून लिहून ठेवा.

नेटवर्कने काय उत्तर दिलं

समजा आपल्या सेटअपला ही उत्तरं आली:

०८ ०२ ८० १७ ०२ १८ ०३ ए९ ८३ ८७
०८ ०२ ८० १७ ४५ ०८ ०२ ८२ ८१ १ई ०२ ८२ ८८

पहिलं कॉल प्रोसीडिंग: चॅनेल ७ मान्य, कॉल पुढे नेतोय. दुसरं डिस्कनेक्ट, आणि त्यात कारणाचा घटक ०८. त्याचा पहिला मजकूर बाइट जागा सांगतो, दुसरा कारण. दोन्हींचा वरचा बिट काढून टाकायचा. ८१ म्हणजे कारण १, हा नंबर कुणाला दिलेलाच नाही. आणि ८२ म्हणजे जागा २: आपल्याला सेवा देणारं सार्वजनिक नेटवर्क.

ही जागाच भांडण मिटवते. ० म्हणजे युजर. १ म्हणजे आपल्या बाजूचं खाजगी नेटवर्क, म्हणजे ईपीएबीएक्स. २ आपल्या बाजूचं सार्वजनिक नेटवर्क, ३ मधलं ट्रान्झिट, ४ समोरच्या बाजूचं सार्वजनिक नेटवर्क, ५ समोरच्याचं खाजगी नेटवर्क, ७ आंतरराष्ट्रीय, आणि १० म्हणजे जिथे सिग्नलिंगची भाषा बदलली त्याच्या पलीकडचं काहीतरी. कारण १ जागा २ वरून आलं तर आपल्याच ऑपरेटरच्या एक्स्चेंजला तो नंबर माहीत नाही. तेच कारण जागा ४ वरून आलं तर आपला ऑपरेटर निर्दोष आहे, त्याला झोडपून उपयोग नाही. सिस्को हे दोन बाइट जोडून ८२८१ असे छापतं आणि पुढे फक्त कारणाचं नाव लिहितं. पहिले दोन अंक वाचायची सवय लावून घ्या.

जागेवर डोळे मिटून भरवसा मात्र नको. काही गेटवे आत वेगळं काही घडलं असलं तरी ठरावीक जागाच चिकटवतात. म्हणून जागेसोबत दिशाही बघायची: डिस्कनेक्ट पहिल्यांदा कुणाकडून गेला? बाण आपल्याकडून बाहेर जाणारा असेल तर कॉल आपल्या मशीनने सोडला, मग कारण काहीही असो. येणाऱ्या डीआयडी कॉलवर हे फार दिसतं. ऑपरेटर शेवटचे चारच आकडे पाठवतोय, मशीन पूर्ण आठ आकड्यांची वाट बघतंय, जुळत नाही, आणि आपलंच मशीन कारण १ देऊन कॉल परत पाठवतं. बाहेरच्या माणसाला 'हा नंबर अस्तित्वात नाही' ऐकू येतं आणि तक्रार जाते लाइनवाल्याकडे.

आता त्या डिस्कनेक्टमधला शेवटचा घटक, १ई ०२ ८२ ८८. ८८ म्हणजे प्रोग्रेस ८: चॅनेलवर आवाज चालू आहे, ऐका. म्हणजे नेटवर्क म्हणतंय, कॉल संपला, पण 'आपण डायल केलेला नंबर' वगैरे सूचना मी वाजवतोय, लगेच फोन ठेवू नका. पुष्कळ मशीन हे वाचतच नाहीत. डिस्कनेक्ट दिसला की तत्काळ ४डी पाठवून मोकळी होतात, आणि वापरणाऱ्याला नुसता 'टक' आवाज येऊन लाइन मेलेली वाटते. 'मोबाइलवरून लावलं की सूचना ऐकू येते, ऑफिसच्या फोनवरून येत नाही' ही तक्रार इथली. ॲस्टरिस्कमध्ये 'इनबँडडिस्कनेक्ट' हा पर्याय त्यासाठीच आहे. हाच १ई ०२ ८२ ८८ अलर्टिंगमध्ये असेल तर रिंगचा आवाज नेटवर्क देतंय. नसेल तर तो आपल्या मशीनने तयार करायचा असतो. रिंग ऐकू न येण्याचा घोळ तिथे शोधा.

डिस्कनेक्टनंतर आपण ४डी, त्यांनी ५ए, आणि कॉल संपला.

नेहमी भेटणारी कारणं

कारणांची पूर्ण यादी क्यू.८५० मध्ये आहे. पाठ करण्याऐवजी बाइटमधून ८० वजा करायचे आणि दशमान करायचं. ९० झालं १०, म्हणजे १६, नेहमीसारखा फोन ठेवला. ९१ म्हणजे १७, समोरचा बिझी. ९२ म्हणजे १८, समोरचं उपकरण उत्तरच देत नाही. ९३ म्हणजे १९, रिंग वाजतेय पण कुणी उचलत नाही. या दोनांची गल्लत करू नका. ९५ म्हणजे २१, नाकारला. ९सी म्हणजे २८, नंबर अपुरा किंवा रचना चुकीची.

१६ बद्दल थोडं. सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदवहीत, १६ दिसला की सगळे खूश होतात. पण मधेच तुटलेला कॉलसुद्धा १६ नेच बंद झालेला असू शकतो, कारण सोडणाऱ्या मशीनने 'नेहमीसारखाच सोडला' असं खोटं सांगितलं. कॉल सेंटरमध्ये डायलरने वेळ संपली म्हणून तोडलेले कॉल असेच दिसतात. १६ वर तपास थांबवू नका, दिशा बघा.

ए२ म्हणजे ३४, चॅनेल शिल्लक नाही. एसी म्हणजे ४४, मागितलेला चॅनेल मोकळा नाही. ४४ अधूनमधून, गर्दीच्या वेळी येत असेल तर ती टक्कर आहे: दोन्ही टोकांनी एकाच क्षणी एकच चॅनेल धरला. ऑपरेटर खालून वर चॅनेल शोधत असेल तर आपण वरून खाली शोधायचे. ॲस्टरिस्कमध्ये ग्रुपपुढे लहान जी लिहिला तर खालून वर, मोठा जी लिहिला तर वरून खाली. शक्य असेल तर ए९ ऐवजी ए१ पाठवा, म्हणजे नेटवर्कला दुसरा चॅनेल सुचवायची मुभा राहते.

शांतता आणि टायमर

सेटअप गेला, ४ सेकंद काहीच नाही, तोच सेटअप पुन्हा गेला, आणखी ४ सेकंद काही नाही, कॉल मेला. हा टी३०३ नावाचा टायमर. लॅपडी उभा असताना हे होत असेल तर समोरच्या एक्स्चेंजचा कॉल सांभाळणारा भाग जागेवर नाही किंवा हे सर्किट तिथे कॉलसाठी बांधलेलंच नाही. आपल्या बाजूचं काही बदलून फरक पडणार नाही.

दुसरा प्रकार जास्त मजेशीर. बाहेरून कॉल आला, आपल्या मशीनने कॉल प्रोसीडिंग दिलं, मग आत आयव्हीआर (रेकॉर्ड केलेला मेनू) किंवा डेटाबेसला काहीतरी विचारत बसलं. बरोबर १० सेकंदांनी नेटवर्ककडून हे आलं:

४५ ०८ ०५ ८२ ई६ ३३ ३१ ३०

ई६ म्हणजे १०२, टायमर संपला. आणि कारणाच्या मागे शेपटी आहे: ३३ ३१ ३०, ॲस्कीत ३ १ ०. नेटवर्कने टायमरचं नावच लिहून दिलंय, टी३१०. प्रोसीडिंगनंतर अलर्टिंग, प्रोग्रेस, कनेक्ट यांपैकी काहीतरी वेळेत द्यायला हवं होतं. बहुतेक डीबग ही शेपटी छापत नाहीत किंवा नुसतं 'डायग्नॉस्टिक' म्हणून सोडून देतात. म्हणून कारणाच्या घटकाची लांबी ०२ हून जास्त दिसली की कच्चे बाइट बघायचेच.

स्टेटस आला म्हणजे बिघाड नव्हे

७डी बघून घाबरणारे खूप. त्यातही शेपटीच कामाची. ०८ ०३ ८२ ई३ २८ असं असेल तर कारण ९९, न कळलेला घटक, आणि तो घटक २८, म्हणजे डिस्प्ले. आपण नाव पाठवलं, एक्स्चेंजला ते कळत नाही, त्याने ते टाकून दिलं आणि कॉल पुढे चालला. नाव पाठवणं बंद करा किंवा दुर्लक्ष करा. पण ई४ १८ दिसलं तर कारण १००, चॅनेलच्या घटकातला मजकूर अमान्य. ते गंभीर; वरचा चॅनेल मोजणीचा भाग पुन्हा वाचा. स्टेटसमध्ये १४ ०१ नंतर येणारा बाइट समोरच्याच्या मते कॉल कोणत्या अवस्थेत आहे ते सांगतो: ०३ पुढे नेतोय, ०४ रिंग पोहोचली, ०ए बोलणं चालू. आपल्या मते कॉल चालू आणि त्याच्या मते ००, असं निघालं तर मधे एखादा मेसेज हरवलाय, आणि पुन्हा लॅपडीकडे उतरायचं.

एसआयपीवर गेलात तरी

पीआरआय काढून एसआयपी ट्रंक, म्हणजे डेटा नेटवर्कवरून चालणारी फोन लाइन, घेणाऱ्यांनाही हे आकडे सोडत नाहीत. एसआयपीच्या बाय (कॉल संपवणाऱ्या) किंवा नकाराच्या मेसेजमध्ये 'रीझन' हेडर असेल तर त्यात बहुधा क्यू.८५० चंच कारण लिहिलेलं असतं. जुन्या आणि नव्या भाषांची जुळणी आरएफसी ३३९८ मध्ये दिलीय: १ चा ४०४, १७ चा ४८६, १८ चा ४०८, १९ चा ४८०, २८ चा ४८४, ३४ चा ५०३, १०२ चा ५०४. जुळणी एकास एक नाही. ५०३ मागे ३४, ३८, ४१ यांपैकी कुणीही असू शकतं. म्हणून ५०३ बघून निष्कर्ष काढू नका, हेडरमधला आकडा बघा.

तक्रार नोंदवताना

डॉकेट नंबर मिळाल्यावर मेलमध्ये 'कॉल ड्रॉप होत आहेत' एवढंच लिहिलं तर 'टेस्टेड ओके' असं उत्तर येऊन तक्रार बंद होते. त्याऐवजी एकाच कॉलचे सगळे मेसेज क्रमाने द्या: सेकंदांसह वेळ, दिशा, कॉल रेफरन्स, चॅनेल नंबर, आणि शेवटच्या डिस्कनेक्टचं कारण जागेसकट. सोबत तसाच एक नीट लागलेला कॉलही द्या. दोन ट्रेस शेजारी ठेवले की पलीकडच्या इंजिनिअरला फरक लगेच दिसतो. डिस्कनेक्ट आपल्याकडून गेलेला असेल तर मेल पाठवूच नका, व्हेंडरला बोलवा.

पाठवण्याआधी ग्राहकांच्या नंबरांचे मधले आकडे झाका, आणि हे हेक्समध्येही करा. वाचता येणाऱ्या ओळीत नंबर खोडून शेजारच्या कच्च्या बाइटांत ३९ ३८ तसेच ठेवलेले ट्रेस सर्रास फिरत असतात. आणि काम झाल्यावर डीबग बंद करा. इंटेन्स मोडवर राहिलेला स्पॅन रिकाम्या लिंकवरही दर १० सेकंदांनी लॉगमध्ये आरआर लिहीत राहतो, आणि डिस्क भरली की सोमवारी सकाळी वेगळीच तक्रार येते.